बेपत्ता शिपायाचा माग

मनमाड सोडून गाडी चाळीसगांवच्या रोखानें निघाली म्हणजे वाटेंत नांदगांव लागतें. एके काळीं वेरूळचीं लेणीं पाहण्यास निघालेले प्रवासी ह्या स्टेशनावर उतरत व पुढची वाट तांग्यानें किंवा बैलगाडीनें कापीत. पहिल्या महायुद्धाच्या वेळीं ह्या भागांतील जो तरुण पलटणींत नांव घालून मुंबईच्या गोदीकडे निघे, त्याचीहि वाट ह्याच लोखंडी रस्त्यानें जाई. मुंबईस बोट आणि पुढें बसरा. त्यांतील पुष्कळ परत आले; कांहीं आले नाहींत. न आलेल्यांविषयीं त्यांच्या घरीं बहुधा एकच वाक्य उरतें : “आजोबांचे थोरले भाऊ बसऱ्याला गेले, ते गेलेच.”

ह्या एका वाक्यावर घराचें समाधान होत नाहीं. जो मेला त्याची तिथि असते. जो हरवला त्याची तिथि नसते. त्याची पत्नी सौभाग्यवती म्हणावी कीं नाहीं, हळदीकुंकवास तिला बोलवावें कीं नाहीं, वाडवडिलांच्या जमिनींतील त्याचा हिस्सा कोणाच्या नांवें करावा, हे प्रश्न पुढील पिढीपर्यंत पोंचतात. धर्मशास्त्रानें अशा मनुष्याची बारा वर्षें वाट पाहण्यास सांगितलें असून, नंतर पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याचें दहन करण्याची तोड काढली आहे. तिथि ठाऊक नसणारांसाठीं सर्वपित्री अमावास्या आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें ही मुदत सात वर्षांवर आणिली आणि २०२३ च्या नव्या कायद्यानेंहि ती तशीच राखली. परंतु कायदा मनुष्य मेला असें मानतो, तो कोणत्या दिवशीं मेला हें सांगत नाहीं. घराला हवा असतो तो नेमका तो दिवस.

महाराष्ट्राला हें दुःख नवें नाहीं. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर जे गेले, त्यांतील कित्येकांचें काय झालें हें त्यांच्या घरीं कधींच निश्चित कळलें नाहीं. खुद्द सदाशिवरावभाऊंच्या मृत्यूविषयीं संशय राहिला. पार्वतीबाईंनीं वैधव्य पत्करलें नाहीं. त्या संशयाच्या आधारावर एक तोतया उभा राहिला, त्याला पक्ष मिळाला, आणि १७७६ सालीं पुण्यांत त्याला देहांत शासन होईपर्यंत राज्याला त्याचा उपद्रव सोसावा लागला. पेशव्यांच्या घरची ही स्थिति, तर साध्या शिलेदाराच्या घरीं काय झालें असेल ह्याची कल्पनाच केलेली बरी.

इराकच्या मोहिमेंत, म्हणजे तेव्हांच्या मेसोपोटेमियांत, १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ ह्या क्रमांकांच्या मराठा पलटणी लढल्या. त्यांपैकीं १०३, ११० व ११७ ह्या पलटणी कुतच्या वेढ्यांत सांपडल्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. अन्न संपलें, घोडे कापले गेले, आणि तें मांस खावें कीं न खावें ह्या विवंचनेंत कित्येक शिपाई झिजून गेले. शेवटीं सुमारें १३ हजार लोक शरण गेले. कैद्यांना वाळवंटांतून पायीं नेण्यांत आलें. पुढें कित्येकांना बगदाद रेल्वेच्या कामास जुंपलें. वाटेंत जो पडला त्याची कबर कोण बांधणार, आणि बांधली तरी तिच्यावर नांव कोण कोरणार?

नांवाची हेळसांड मात्र केवळ वाळवंटानें केली नाहीं. ज्यांच्या कबरींचा पत्ता नाहीं अशा ४० हजारांहून अधिक लोकांसाठीं बसऱ्यास स्मारक उभारलें गेलें व २७ मार्च १९२९ रोजीं त्याचें उद्घाटन झालें. त्यावर गोऱ्या अंमलदारांचीं व शिपायांचीं नांवें कोरलीं, हिंदी अंमलदारांचींहि कोरलीं. पण साध्या हिंदी शिपायांचे पलटणवार आंकडे तेवढे लिहिले. हिंदुस्थानांत परत आल्यावरहि तीच रीत दिसते. कित्येक खेड्यांत संगमरवरी पाट्या बसविल्या आहेत. त्यांवर ह्या गांवांतून इतके लोक महायुद्धास गेले व त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढाच हिशेब आहे. नांव एकहि नाहीं. ह्याच्या शंभर वर्षें आधीं, १ जानेवारी १८१८ च्या कोरेगांवच्या लढाईनंतर कंपनी सरकारनें भीमेच्या कांठीं जो स्तंभ उभारला, त्यावर पडलेल्या साध्या हिंदी शिपायांचींहि नांवें आहेत. तेव्हां नांव कोरणें अशक्य होतें असें म्हणतां येत नाहीं. ही विषमता होती, हें युद्धस्मारक आयोगाच्या २०२१ च्या अहवालांत मान्य केलें असून त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटांत त्याबद्दल क्षमाहि मागितली गेली.

मग माग काढावा कसा? प्रथम घरांतच शोध घ्यावा. ज्यांच्या घरचा मनुष्य युद्धांत गेला त्यांना कांशाचें एक वाटोळें ताट धाडलें जाई. त्यावर मृताचें नांव असे, हुद्दा मात्र मुद्दाम गाळलेला असे. त्यागांत लहानमोठा कोणी नाहीं हा त्यांतील हेतु. दगडावर जो भेद झाला तो ह्या कांशावर झाला नाहीं, ही ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. रुप्याचें युद्धपदक असेल तर त्याची कड उजेडांत धरून पाहावी. तिच्यावर बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण ठोकलेली असते. पुष्कळ पदकें अडचणीच्या दिवसांत सोनाराच्या मुशींत गेलीं, आणि त्यांबरोबर घरचा हा एकच दाखलाहि गेला.

पलटण कळली म्हणजे पुढची वाट मोकळी होते. १९२२ सालीं ह्या सहाहि पलटणी एका रेजिमेंटांत गोंवल्या गेल्या व त्यांचे जुने क्रमांक बदलले. म्हणून शोध जुन्या क्रमांकानेंच करावा. मनुष्य मराठा पलटणींतच असेल असेंहि धरून चालूं नये. १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभी राहिली व १९२१ सालीं मोडली. शिवाय खेंचरवाले, हमाल व मजूर म्हणून गेलेले निराळेच. बसऱ्याच्या दगडावर नसलेलीं शिपायांचीं नांवें आज आयोगाच्या यादींत आलीं असून तीं कोणासहि शोधतां येतात. दिल्लीच्या इंडिया गेटावर १३ हजारांवर नांवें कोरलेलीं आहेत खरीं, परंतु तीं मुख्यतः वायव्य सरहद्दीवर व १९१९ च्या अफगाण युद्धांत पडलेल्यांचीं आहेत. बसऱ्यास गेलेला मनुष्य तेथें न सांपडल्यास निराश होऊं नये.

यादींत नांव सांपडलें तरी तेवढ्यानें भागत नाहीं. लिहिणारा कारकून परप्रांतीय, लिपि इंग्रजी. त्यामुळें आडनांवाचें रूप पालटतें. एकाच नांवाचे दहा शिपाई निघतात. अशा वेळीं बापाचें नांव व गांव हीच खूण. आणि गांवाचीहि फसगत होते! नांदगांव नाशकास आहे, तसें मुरूडजवळ आहे, अमरावतीकडे आहे. म्हणून तालुका व जिल्हा वाचल्याखेरीज हा मनुष्य आपला असें म्हणूं नये.

येथें नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या उपयोगी पडतात. यात्रेस आलेला यजमान आपलें, बापाचें, आज्याचें, भावांचें व मुलांचें नांव, गांव आणि दिवस लिहून जातो; ह्या वह्या पिढ्यान् पिढ्या जतन होतात. एका वारींत थोरल्या भावाचें नांव जिवंतांत असेल आणि पुढच्या वारींत तें दिवंगतांत गेलें असेल, तर ह्या दोन वाऱ्यांच्या दरम्यान घरानें आशा सोडली एवढें निश्चित होतें. बापाचें नांव वहींत व यादींत एकच निघालें आणि गांवहि जुळलें, म्हणजे सरकारी आंकड्यांतला एक आंकडा पुन्हा मनुष्य होतो.

सरकारनें माणसें मोजलीं. नांवें राखलीं तीं घरानें आणि उपाध्यायाच्या वहीनें. दोन्ही कागद शेजारीं ठेवल्यावांचून हरवलेला शिपाई सांपडत नाहीं. त्यानें कबर मिळत नाहीं, अस्थि मिळत नाहींत. मिळते ती एक तारीख. पंचांगांतून तिची तिथि काढतां येते, आणि इतकीं वर्षें सर्वपित्रीच्या पानावर बसलेल्या त्या मनुष्याला त्याचा स्वतःचा दिवस मिळतो.