थवा, निऑन आणि माझा रिकामा टँक

गेला महिनाभर आमच्या हॉलमध्ये एक तीन फुटी काचेचा टँक माशांविना उभा आहे. म्हणजे बाकी सगळं आहे. माती, वाळू, व्हॅलिस्नेरिया, जावा फर्न, एक वाकडंतिकडं लाकूड, वर एलईडी लाइट. झाडं तर अशी वाढलीयेत की घरी येणारा प्रत्येक जण आधी "वा!" म्हणतो आणि मग "मासे कुठेयत?" विचारतो. बायको त्याला 'पाण्यातली कुंडी' म्हणायला लागलीये.

मासे नाहीत, कारण मागचा अनुभव. पाच वर्षांपूर्वी, नवीन नवीन नोकरी लागली तेव्हा, बॅचलर फ्लॅटवर एक छोटा टँक आणला होता. दुकानदार म्हणाला, "साहेब, निऑन घेऊन जा, तीन पुरे. मस्त चमकतात." त्याच दिवशी पाणी भरलं, त्याच दिवशी मासे सोडले. पहिला चौथ्या दिवशी गेला, दुसरा सहाव्या. तिसरा मात्र नऊ दिवस एकटा फिल्टरच्या पाइपमागे अंग चोरून राहिला. खायला टाकलं तरी बाहेर यायचा नाही. मग तोही गेला. आईला फोनवर सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "अरे, जीव आणलास ना घरात? मग आधी विचारायचं कुणाला तरी."

दुकानदाराला शिव्या घालून झाल्या, पण खरं सांगायचं तर चूक माझीच जास्त होती. नव्या टँकमध्ये माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया खाणारे जीवाणू नसतात. ते जमायला साधारण महिनाभर लागतो. (टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनला टाकलेला कोड, दुसरं काय!) आणि निऑन हा थव्याने राहणारा मासा. तीन निऑन म्हणजे थवा नव्हे, तीन एकटे मासे.

म्हणून यंदा ठरवलं, आधी वाचायचं, मग आणायचं. वाचायला बसलो ते पीएच आणि तापमान बघायला, आणि पोचलो ॲमेझॉनच्या इतिहासात. वीकएंड त्यातच गेला. तर मंडळी, त्याचीच ही गोष्ट.

आधी थव्याबद्दल दोन शब्द. छोटे मासे एकत्र राहतात ते मुख्यतः जिवाच्या भीतीने. पन्नास चमकत्या पट्ट्या एकदम वळल्या की शिकारी माशाला नेमकं कुणाला धरायचं ते कळत नाही. थव्यातला मासा त्यामुळे निवांत असतो आणि एकटा पडला की घाबरतो. म्हणूनच जाणकार लोक किमान सहा, आणि जागा असेल तर दहा-बारा घ्या म्हणतात. झाडांच्या टँकमध्ये असा एकच मोठा थवा सोडायची पद्धत जगभर रुजवण्यात जपानच्या ताकाशी अमानो यांचा मोठा वाटा. हे गृहस्थ आधी व्यावसायिक सायकलपटू होते, नंतर फोटोग्राफर. ॲक्वेरियम म्हणजे माशांचं प्रदर्शन नाही, नदीकाठचा एक तुकडा आहे, असं त्यांचं म्हणणं. २०१५ साली ते गेले. त्याच वर्षी लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी उभारलेला ४० मीटर लांबीचा टँक लोकांसाठी खुला झाला. त्याचे व्हिडिओ बघा एकदा. डोळ्यात भरतात ते थवेच.

आता निऑन. हा मासा बाहेरच्या जगाला माहीत झाला तो १९३४ मध्ये. ऑगस्त राबो नावाच्या फ्रेंच संग्राहकाला तो पेरूच्या बाजूच्या वरच्या ॲमेझॉन खोऱ्यात सापडला. तिथून पॅरिस, मग जर्मनी. १९३६ मध्ये अमेरिकन मत्स्यतज्ज्ञ जॉर्ज मायर्स यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि फिलाडेल्फियाचे ॲक्वेरियम-लेखक विल्यम इनेस यांच्यावरून त्याला 'इनेसाय' हे नाव दिलं.

त्याच वर्षी काही निऑन जर्मनीहून अमेरिकेला निघाले, ते चक्क हिंडेनबर्गमधून. हो, तेच हायड्रोजन भरलेलं अवाढव्य हवाई जहाज, जे पुढच्या वर्षी, मे १९३७ मध्ये न्यू जर्सीत उतरताना जळून खाक झालं. दीड इंचाच्या माशांसाठी हवाई जहाज! मासे जाणार होते शिकागोच्या शेड ॲक्वेरियममध्ये. त्यातला एकच जगला. अटलांटिक एकट्याने विमानातून ओलांडणाऱ्या चार्ल्स लिंडबर्गवरून त्याचं नाव पडलं 'लोनली लिंडी', एकाकी लिंडी. लोकांना त्या नावाची गंमत वाटली असणार. मला मात्र वाचताना पाइपमागे लपलेला माझा तिसरा निऑन आठवला. थव्याचा मासा, आणि प्रसिद्ध झाला तो एकटा म्हणून.

एवढ्या खटाटोपाचं कारण साधं आहे. निऑनची पैदास टँकमध्ये करणं महाकठीण होतं. त्याची अंडी आणि पिल्लं तगायला अगदी मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी आणि अंधार लागतो. युरोपातल्या नळाच्या जड पाण्यात ते सुरुवातीला फार थोड्यांना जमलं. मग हळूहळू पाण्याचं तंत्र कळलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत हाँगकाँग, सिंगापूर भागातल्या फार्मांनी हे काम हातात घेतलं. १९९० च्या दशकात एकट्या अमेरिकेत महिन्याला सरासरी १८ लाख निऑन आयात होत होते, आणि त्यातले पाच टक्क्यांहूनही कमी नदीतून पकडलेले होते. ज्या माशाने हवाई जहाजातून प्रवास केला, तो साठ वर्षांत कारखान्यातला माल झाला. आपल्याकडच्या दुकानात दिसणारा निऑनही अशा फार्मातलाच असतो, ॲमेझॉन त्याने बापजन्मात पाहिलेली नसते.

इथपर्यंत मी खूश होतो. फार्मातला मासा घ्या, नदीला धक्का नाही, विषय संपला. पण मग मध्ये आला कार्डिनल.

कार्डिनल टेट्रा म्हणजे निऑनचा थोरला भाऊ म्हणा. निऑनचा लाल पट्टा पोटाच्या मध्यापासून शेपटीपर्यंत, तर कार्डिनलचा डोक्यापासून शेपटीपर्यंत. याच्या बारशातच भांडण झालं. १९५६ च्या फेब्रुवारीत दोन नावं एका दिवसाच्या फरकाने छापून आली. एक स्मिथसोनियनच्या लेनर्ड शुल्ट्झ यांनी प्रकाशक हर्बर्ट ॲक्सेलरॉड यांच्यावरून ठेवलेलं 'ॲक्सेलरॉडाय', आणि दुसरं मायर्स (हो, तेच निऑनवाले) आणि वाइट्झमन यांनी ठेवलेलं 'कार्डिनालिस'. प्राण्यांच्या नावांच्या बाबतीत नियम असा की जो आधी छापेल त्याचं नाव. प्रकरण आंतरराष्ट्रीय आयोगापर्यंत गेलं आणि निकाल ॲक्सेलरॉडायच्या बाजूने लागला. एका दिवसाने रिलीज चुकणं काय असतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको :-)

पण खरी गोष्ट नावाची नाही, गावाची आहे. ब्राझीलमध्ये रिओ नेग्रोच्या काठी, मनौसपासून साधारण ४०० किलोमीटर वरच्या अंगाला बार्सेलोस नावाचं गाव आहे. तिथली नदी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी काळी. पावसाळ्यात ती जंगलात घुसते आणि कार्डिनल झाडांच्या मुळांमधून फिरतात. पाणी ओसरलं की लाखो मासे डबक्यांत अडकतात आणि ती आटली की मरतात. हे दरवर्षीचं. याच माशांना होडीतून जाऊन हातजाळीने पकडणं हा तिथल्या शेकडो कुटुंबांचा धंदा झाला. या शोभेच्या छोट्या माशांना ते 'पियाबा' म्हणतात. २००० च्या आसपास या भागातून वर्षाला सुमारे दोन कोटी शोभेचे मासे बाहेर जात, त्यात मोठा वाटा कार्डिनलचा. गावात शोभेच्या माशांचा उत्सवही सुरू झाला. त्यात कार्डिनल आणि डिस्कस या दोन माशांच्या नावाने दोन संघ नाचगाण्यात एकमेकांशी स्पर्धा करतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमा असते ना, तसंच, फक्त मासा दीड इंचाचा!

१९८९ मध्ये लॅबिश चाओ या प्राध्यापकांनी इथे 'प्रोजेक्ट पियाबा' सुरू केलं. त्यांच्या अभ्यासाचा सूर असा की या पकडण्याने कार्डिनल संपत नाहीये, उलट लोक जंगल सांभाळतायत, कारण जंगल तोडलं तर मासा जातो आणि मासा गेला तर पोट जातं. घोषवाक्यच होतं, मासा विकत घ्या, झाड वाचवा. पुढे आशियातल्या फार्मांना कार्डिनलची पैदासही जमली, स्वस्त माल बाजारात आला आणि बार्सेलोसची मागणी घसरली. मासे पकडणारी कितीतरी माणसं दुसऱ्या कामांकडे वळली.

म्हणजे इथे फार्मातला मासा घेणं हे पुण्याचं काम आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. आता आली का पंचाईत?

आणि नेमकी उलटी गोष्ट आपल्या सह्याद्रीत घडली. १८६५ मध्ये मद्रासमधले लष्करी डॉक्टर फ्रान्सिस डे यांनी त्रावणकोरच्या डोंगरातल्या मुंडकायमजवळच्या एका माशाचं वर्णन केलं. चंदेरी अंग, काळा पट्टा आणि वर अर्ध्या अंगावर लालभडक रेघ. तेव्हाचे मद्रासचे गव्हर्नर विल्यम डेनिसन यांचं नाव त्याला मिळालं. पुढची सव्वाशे वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी वळून बघितलं नाही. मग १९९७ मध्ये सिंगापूरच्या 'ॲक्वारामा' प्रदर्शनात तो बक्षीस मिळवून गेला आणि जगभरात 'मिस केरळ' म्हणून मागणी सुरू झाली. केरळ-कर्नाटकातल्या मोजक्या नद्यांत राहणारा हा मासा, पण पुरवठा बराचसा थेट ओढ्यांतून. २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यात आलेल्या ३० जातींचे सुमारे १५ लाख गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी बाहेर गेले, असं २०१३ च्या एका अभ्यासात आलं. त्यात मिस केरळ आघाडीवर. त्याच वर्षी त्याला नवं शास्त्रीय नाव मिळालं, 'सह्याद्रिया'. नावात सह्याद्री आला, आणि धोक्यात आलेल्यांच्या यादीत तो आधीच होता. याची पैदास नंतर फार्मांत जमली, आणि या माशाच्या बाबतीत तीच गोष्ट नदीच्या भल्याची ठरते.

फरक कुठे आहे? कार्डिनलची नदी अफाट, आयुष्य छोटं, पिल्लं अमाप, आणि दरवर्षी नाहीतरी असंख्य मरणार. मिस केरळचे ओढे अरुंद, त्यात धरणं, वाळूउपसा, प्रदूषण, आणि वर आपली जाळी. त्यामुळे 'नदीतला वाईट, फार्मातला चांगला' असा एक सरसकट इफ-एल्स लिहून मोकळं होता येत नाही. प्रत्येक माशाची केस वेगळी तपासावी लागते.

असो. आता निर्णय. मिस केरळ बादच, कारण तो सहा इंचांपर्यंत वाढतो आणि त्याला वाहतं पाणी आणि भलामोठा टँक लागतो. तीन फुटात थवा ठेवणं म्हणजे वन आरकेत अख्खी सोसायटी. निऑनला पाणी थोडं थंड लागतं, साधारण २१ ते २५ अंश. आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एप्रिल-मेमध्ये ते जमणं कठीण. कार्डिनलला २४ ते २८ चालतं. म्हणून काल दुकानात गेलो आणि विचारलं, "काका, कार्डिनल नदीतले की ब्रीडिंगचे?"

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "ब्रीडिंगचेच. नदीतले इथे कोण आणणार? आणि साहेब, तुम्ही असं विचारणारे पहिलेच."

"सोळा द्या."

"सोळा? एकाच जातीचे? थोडे गप्पी, एखादा एंजल टाकू का, रंगीत दिसेल."

नको म्हटलं. एंजल मोठा झाला की हेच खाईल.

बार्सेलोसला माझ्या या सोळा माशांचा काही फायदा नाही, हे मला माहितीये. तिथला मासा, त्या नावानिशी, इथल्या दुकानात मिळाला तर पुढच्या वेळी दोन पैसे जास्त देऊन तोच घेईन. तोपर्यंत निदान दुकानात विचारत राहीन. विचारणारे वाढले तर काका पण पुढे विचारतील.

पिशव्या तासभर पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग थोडं थोडं टँकचं पाणी आत, आणि संध्याकाळी सोडले. पहिली दहा मिनिटं सगळे लाकडामागे. मी मनात म्हटलं, झालं पुन्हा. मग एक बाहेर आला, त्याच्यामागे दोन, आणि मग सोळाच्या सोळा व्हॅलिस्नेरियासमोरून एकदम वळले. बायको म्हणाली, "आता कुंडी नाही म्हणणार हं."

आईला व्हिडिओ पाठवलाय. तिचा रिप्लाय आला, "सगळे एकत्र आहेत, बरं वाटलं." आज सकाळी उठून पहिलं काम केलं ते मोजायचं. सोळा आहेत.