लॅम्बिकची पारख: झेन खोऱ्यातील आंबट बिअरचा इतिहास

ब्रसेल्स शहर आणि त्याच्या नैर्ऋत्येकडील पायोटेनलँड या शेतीच्या टापूत, झेन नदीच्या खोऱ्यात, लॅम्बिक नावाची बिअर बनत आली आहे. तिच्यात यीस्ट बाहेरून घातले जात नाही, तर उकळलेला धान्याचा काढा, म्हणजे वर्ट, उथळ व उघड्या तांब्याच्या पात्रात रात्रभर निवत ठेवला जातो आणि हवेतील व पिंपांच्या लाकडातील सूक्ष्मजीव त्याला आंबवतात. उन्हाळ्याच्या हवेत नको असलेले जीवाणू बळावतात, म्हणून हे काम साधारणपणे ऑक्टोबर ते एप्रिल एवढ्याच काळात चालते. अन्य बहुतेक बिअरमध्ये आंबटपणा हे नासल्याचे लक्षण मानले जाते, तर येथे तोच गुण ठरला. हा निवाडा आपोआप झालेला नाही. करपद्धती, मिश्रणाचा धंदा आणि पिणाऱ्यांची आवड यांनी तो घडवला आहे.

करांचा भाग विशेष उद्बोधक आहे. 1822 साली, हा प्रदेश नेदरलँड्सच्या राज्यात असताना, राजा विल्यम पहिला याच्या राजवटीत दळलेले धान्य भिजवण्याच्या पात्राच्या आकारमानावर कर बसवणारा कायदा आला. पात्र जितके मोठे तितका कर अधिक, म्हणून लहान पात्रात धान्य ठासून भरणे आणि त्यातून दाट, पांढुरका, पिष्टमय द्रव काढून घेणे हे मद्यनिर्मात्यांना फायद्याचे पडू लागले, आणि कच्चा गहू मोठ्या प्रमाणात वापरणाऱ्या ब्रसेल्सच्या पद्धतीला या हिशेबाने बळ मिळाले. अशा गढूळ काढ्यात राहणाऱ्या जटिल शर्करा साधारण यीस्टला पचत नाहीत. त्या पिंपात पुढील दोन-तीन वर्षे अन्य सूक्ष्मजीवांचे अन्न बनतात. 1885 च्या कायद्याने धान्याच्या वजनावर कर देण्याचा पर्याय खुला केला, तरीही लॅम्बिक बनवणाऱ्यांनी जुनी रीत सोडली नाही, कारण तोवर तिच्यावर एक चव उभी राहिली होती. 1851 साली प्रसिद्ध झालेल्या जॉर्ज लाकांब्र यांच्या मद्यनिर्मितीवरील ग्रंथात लॅम्बिक आणि तिच्याशी संबंधित फारो यांचे वर्णन येते, यावरून ही परंपरा त्या काळी ब्रसेल्समध्ये चांगली रुजलेली होती असे दिसते.

पिंपातील बदलांचा क्रम समजल्याशिवाय या बिअरची पारख करता येत नाही. प्रथम आतड्यांतील जीवाणूंच्या कुळातील जीव वाढतात, मग नेहमीचे यीस्ट मद्यार्क तयार करते, आणि काही महिन्यांनी पेडिओकॉकस हा जीवाणू दह्यात असते तेच लॅक्टिक आम्ल निर्माण करतो. या अवस्थेत बिअर कधी कधी तेलकट, तार सुटणारी होते आणि अननुभवी माणसाला ती टाकून द्यावीशी वाटते. जाणकार मात्र थांबतो, कारण ब्रेटानोमायसिस हे संथ यीस्ट तो चिकटपणा मोडून काढते आणि तिला कोरडा, वाळल्या गवताचा, चामड्याचा, तबेल्याची आठवण देणारा गंध आणते. याच यीस्टला डॅनिश शास्त्रज्ञ क्लाउसेन यांनी 1904 साली इंग्लंडच्या जुन्या मुरवलेल्या बिअरच्या अभ्यासातून नाव दिले, आणि 1921 साली कुफेराथ व व्हान लेर यांनी ते लॅम्बिकमधून वेगळे केले. लोकांच्या जिभेने आधीच मान्य केलेल्या गोष्टीला प्रयोगशाळेने उशिरा दुजोरा दिला, असे म्हणणे येथे योग्य ठरेल.

खरी पारख मिश्रणकाराची. ग्यूझ म्हणजे एक, दोन आणि तीन वर्षे मुरलेल्या लॅम्बिकांचे मिश्रण, जे बाटलीत पुन्हा आंबून फेसाळते. कोवळ्या लॅम्बिकमध्ये उरलेली साखर फेसासाठी लागते, जुन्या लॅम्बिककडून खोली येते. यातील पुष्कळ मिश्रणकार स्वतः काढा बनवत नसत, तो विकत घेऊन आपल्या तळघरातील पिंपांत मुरवत, आणि म्हणून त्यांचे सारे कसब चाखण्यात असे. एकाच दिवशी भरलेली दोन शेजारची पिंपे वेगळी निघतात, त्यामुळे प्रमाणाचे सूत्र चालत नाही. प्रत्येक पिंपातून थोडे काढून पाहावे लागते. आंबटपणा मऊ आहे की घशाला ओरखडणारा, तुरटपणा लाकडाचा आहे की अतिरेकाचा, जुन्या हॉप फुलांचा चीजसारखा वास विरला आहे का, असे प्रश्न मिश्रणकार विचारतो. सिरक्याची, म्हणजे ॲसेटिक आम्लाची, तिखट धार पुढे आली तर ते पीप बाजूला ठेवले जाते. पश्चिम फ्लँडर्समधील रूसेलारे येथील रोडेनबाखसारख्या तांबड्या बिअरमध्ये मात्र ओकच्या भल्यामोठ्या पिंपांत मुरताना येणारी तीच धार काही अंशी अपेक्षित असते, म्हणून दोन्ही प्रकारांना एकाच मापाने तोलणे अन्यायाचे ठरते.

ब्रसेल्सच्या सामान्य पिणाऱ्याला हा तीव्र आंबटपणा नेहमीच रुचत होता असे नाही. कॅफेत साखरेचे खडे आणि ते पेल्यात कुटण्यासाठी छोटी दांडी दिली जाई, आणि फारोत तर साखर आधीच असे. दुसऱ्या महायुद्धानंतर गोड पेयांची आवड वाढली, तेव्हा बऱ्याच उत्पादकांनी गोडवा घातलेली ग्यूझ बाजारात आणली आणि जुन्या मिश्रणकारांची तळघरे एकामागून एक बंद पडली. 1965 च्या राजाज्ञेने लॅम्बिकसाठी किमान 30 टक्के गहू आणि उत्स्फूर्त किण्वन अनिवार्य केले, पण गोड ग्यूझ त्यानंतरही विकली जातच राहिली. या लाटेविरुद्ध उभे राहणाऱ्यांचे धैर्य मोठे होते: फ्रांक बोन यांनी 1970 च्या दशकात लेम्बेक येथील कारखाना हाती घेतला, आणि 1900 साली अँडरलेख्त येथे सुरू झालेल्या कांतियोंच्या आवारात ज्याँ-पिएर व्हान रॉय यांनी 1978 साली संग्रहालय उघडले.

1997 साली युरोपीय संघाने ‘औडे ग्यूझ’ या नावाला पारंपरिक उत्पादन म्हणून संरक्षण दिले. तीत मिसळलेल्या लॅम्बिकांचे भारित सरासरी वय किमान एक वर्ष आणि सर्वांत जुन्या भागाचे वय किमान तीन वर्षे असावे लागते. या व्याख्येने पद्धत राखली; मिश्रण चांगले की सामान्य हे तिने ठरवले नाही, आणि ते ठरवणे तिचे काम नव्हतेच. तो निर्णय आजही तळघरातच होतो. 2009 साली वालोनियातील बिएर्ग येथे स्थापन झालेली तिल्केन ही संस्था बोन, लिंडेमान्स, जिरार्डिन आणि कांतियों यांच्याकडून काढा घेऊन तो आपल्या पिंपांत मुरवू लागली आणि त्यांतून आपली ग्यूझ जुळवू लागली.