मूकनायक ते मोबाईल : बातमी हाती आली, नोंद कोणाकडे?

'आता पेपर कोण वाचतं?' परळ-लालबागच्या तरुण कार्यकर्त्यांत हा प्रश्न नेहमी निघतो. सकाळी डोळे उघडायच्या आत बातमी व्हॉट्सॲपवर आलेली असते. मग पाच रुपये कशाला घालवायचे? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर आपल्याच वृत्तपत्रांच्या इतिहासात शोधावे लागेल.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, तो परळच्या पोयबावडीतून. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. 'केसरी'ने मात्र पैसे देऊ केले तरी त्याची साधी जाहिरात छापली नाही. दार कोणाच्या हातात होते, हे यातून कळते. १९२७ साली महाडच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. पुढे १९२८ मध्ये 'समता', १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. पैशाअभावी पत्र बंद पडायचे, तरी बाबासाहेब पुन्हा नवे काढत. स्तंभच्या स्तंभ ते स्वतः लिहीत. चाळीत अक्षरओळख असलेला एकजण वाचायचा, बाकीचे ऐकायचे आणि मग वाद घालायचे. एक अंक, अनेक वाचक!

हे दार इंटरनेटने मोडले, हे मान्यच करावे लागेल. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांनी सुरुवातीला तिच्यातली जात झाकली. आपल्या कार्यकर्त्यांचे सत्यशोधन अहवाल, ईमेल आणि एसएमएस यांनी ती उघडी केली. आज जातीय अत्याचाराची बातमी संपादकाच्या मर्जीवर अडून राहत नाही. बातमी पोहोचवण्यापुरते छापील पेपरचे काम संपत आले आहे.

सवय मोडायला २०२० ची टाळेबंदीही कारण झाली. मार्चमध्ये मुंबईत काही दिवस पेपर वाटलेच गेले नाहीत. एप्रिलमध्ये सरकारने घरपोच वाटपावर निर्बंध आणले. लोक पीडीएफ वाचू लागले. नंतर पेपर परत आले, पण अनेक घरांतला रतीब परत आला नाही.

मग कागद उरतो कशासाठी? नोंदीसाठी. आम्ही अत्याचाराच्या प्रकरणात निवेदन देतो तेव्हा सोबत छापील कात्रण जोडतो. साहेबांच्या टेबलावर आजही त्याला वजन आहे. मोबाईलवरची लिंक महिन्याभरात गायब होते, व्हिडिओ काढून टाकला जातो, ग्रुप बंद पडतो. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' आज आपण वाचू शकतो, कारण कोणीतरी ते अंक जपले आणि १९९० साली राज्य सरकारने ते ग्रंथरूपात छापले. कागद नसता तर?

आणि ज्याचे छापखाने त्याचा इतिहास, हे विसरू नका. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले, त्यात बुद्धभूषण प्रेसही गेला. बाबासाहेबांच्या चळवळीची पत्रे जिथे छापली गेली, तो छापखाना! १९ जुलैला मुंबईत मोर्चा निघाला. त्या दिवशी हजारो लोक केवळ एका इमारतीसाठी उतरले नव्हते.

आज आपण लिहितो ते व्यासपीठही परक्या कंपनीचे आहे. तिथे संपादक दिसत नाही एवढेच. काय वर येईल आणि काय दबेल, ते तिचे गणित ठरवते. जाहिरात नाकारणारा 'केसरी' निदान समोर तरी होता.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. बातमी मोबाईलवर वाचा, पसरवा, पण पडताळून. चळवळीच्या किमान एका पत्राची वर्गणी भरा. बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत, तिथे वाचनालयासाठी खोली मागा. प्रत्येक बुद्धविहारात अंकांची आणि कात्रणांची फाईल ठेवा, महत्त्वाची ऑनलाईन बातमी छापून तारखेसह तिच्यात लावा. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांसाठी झुंबड उडवणारा समाज एवढे नक्की करू शकतो.

मूकांना आवाज मिळाला. आता त्या आवाजाची नोंद आपल्याच ताब्यात हवी.

जय भीम!