मोजलेले तांदूळ

पेण तालुक्यातील डोलवीचे नाव काढले की आज पोलादाचा कारखाना डोळ्यांपुढे येतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी धरमतर खाडीच्या या काठावर महत्त्व होते ते बाहेरकाठ्याला. भरतीचे खारे पाणी भातखाचरांत शिरू नये म्हणून घातलेला हा मातीचा बांध. खाडीकडून मिळवलेल्या अशा जमिनींना या भागात शिलोत्री म्हणत आणि बाहेरकाठा राखण्याची जबाबदारी शिलोत्री खोताची असे. त्यासाठी कुळांकडून धान्याच्या रूपाने वेगळी पट्टी घेतली जाई. १८८३च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये या व्यवस्थेची दखल आहे. पट्टीच्या जोडीला अंगमेहनतही होती. खांड पडली की ज्यांची शेते बांधाआड, त्यांनी एकत्र येऊन ती बुजवायची. याला ‘जोळ’ म्हणत.

अनाथ मुले, विधवा, गरिबांची शिकणारी पोरे यांच्यासाठी काढलेल्या संस्थांच्या इतिहासाची सुरुवात मातीच्या बांधापासून का करावी, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. बांध घालण्यासाठी एकदा पैसा उभा राहतो. तो राखण्यासाठी मात्र दरवर्षी लागतो, आणि ते काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. वसतिगृहाच्या इमारतीवर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते. त्याच वसतिगृहातल्या जुलै महिन्याच्या तांदळावर कोणाचे नाव कोरणार? आपल्याकडच्या सेवासंस्थांची खरी कहाणी या जुलैच्या तांदळाची आहे.

धोंडो केशव कर्वे यांना हे फार लवकर उमगले होते. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरूडच्या गावकऱ्यांचा बहिष्कार ओढवून घेतला. तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. अध्यक्ष डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर; आणि स्वतः कर्व्यांनी साठवलेले एक हजार रुपये संस्थेला देऊन टाकले. पुढे रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला जमीन दिली आणि १९००च्या सुमारास प्लेगच्या धामधुमीत आश्रम एका झोपडीत गेला. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून संध्याकाळी पायी हिंगण्याला जात. सुट्टी लागली की वर्गणीसाठी गावोगाव हिंडत.

यापूर्वीचा एक अनुभव पुणेकरांसमोर ताजा होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली काढलेले शारदा सदन अमेरिकेतल्या ‘रमाबाई असोसिएशन’च्या पैशावर चाले. धर्मांतराच्या प्रश्नावरून वाद पेटला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी मंडळी सल्लागारपदावरून दूर झाली. रमाबाईंचे काम थांबले नाही, कारण त्यांचा पैसा पुण्यातून येतच नव्हता. हे त्यांचे बळ होते, आणि पुण्यातल्या संशयाचे एक कारणही तेच होते. स्वतः गोदूबाई शारदा सदनाच्या विद्यार्थिनी, तेव्हा कर्व्यांना हा सगळा प्रकार घरचाच होता. त्यांनी उलटी वाट धरली. पैसा इथलाच, चार-चार आण्यांनी का होईना.

या वाटेची किंमत मात्र कर्व्यांच्या चरित्रकारांनी पुरेशी मांडलेली नाही, असे मला वाटते. समाजाच्या वर्गणीवर चालायचे तर समाजाच्या कलानेही चालावे लागते. स्वतः पुनर्विवाह केलेल्या या माणसाला आपल्या आश्रमाचा पुनर्विवाहाच्या चळवळीशी संबंध नाही, हे सांगत फिरावे लागले. विधवाविवाहोत्तेजक मंडळीचे काम त्यांनी आश्रमापासून अलग ठेवले. आश्रमाचे दारही सुरुवातीला उच्चवर्णीय म्हणवणाऱ्या घरांतल्या मुलींपुरतेच उघडे राहिले. ज्यांच्याकडून वर्गणी घ्यायची, त्यांच्या सोवळ्याची मर्यादा संस्थेच्या उंबरठ्यावर येऊन बसली. कर्व्यांनी समता संघ काढला तो १९४४ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी.

वर्गणी गोळा करणे हे केवढे कष्टाचे काम आहे, ते पार्वतीबाई आठवल्यांकडे पाहिले की कळते. गोदूबाईंची ही बहीण स्वतः विधवा होती. आश्रमात शिकून तिने आश्रमासाठीच झोळी घेतली. महाराष्ट्र पालथा घालून झाल्यावर १९१८ मध्ये ती अमेरिकेला गेली. इंग्रजी जेमतेम, तिथे घरकाम करून पोट भरले, भाषा शिकली आणि निधीही जमवला. हे सगळे ‘माझी कहाणी’त आहे. महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख देऊ केले, त्याबरोबर त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला मिळाले. त्यात गैर काही नाही. पण पार्वतीबाईंच्या नावाची आठवण त्या मानाने कितीजणांना असते?

कर्व्यांच्या उंबरठ्यावर अडलेला प्रश्न भाऊराव पाटलांनी दुसऱ्या टोकाने सोडवला. रयत शिक्षण संस्था १९१९ची. साताऱ्याचे वसतिगृह १९२४चे. सगळ्या जातींची मुले एका पंगतीला. ज्यांची मुले शिकायची तेच देणारे, म्हणून देणे धान्याचे, मूठ-पसा. महिनाअखेर कमी पडे तेव्हा लक्ष्मीबाईंनी एकेक करत दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. ही गोष्ट आपण शाळेत इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यातला हिशेब आपल्याला दिसेनासा झाला आहे. खेड्यातली मूठ अपुरी पडत होती आणि तूट भरत होती ती घरातली एक बाई. १९४८ साली सरकारने संस्थेचे अनुदान काही काळ रोखले, तेव्हा संस्था तगली ती मुठीच्या आधाराने जोडलेल्या गावांमुळे. तूट एकीने भरली आणि संकट गावांनी पेलले, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आता पुन्हा पेण तालुक्यात येऊ. गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. त्यांच्या आईने एकदा देवाला एक लाख तांदूळ वाहायचा संकल्प केला होता. ती रोज एकेक दाणा मोजून वाही. वडील म्हणाले, तोळाभर तांदळाचे दाणे मोज, त्यावरून लाखाचे वजन काढ आणि वर थोडे जास्त घाल, म्हणजे झाले. आईला उत्तर सुचेना, ते मुलाने दिले. प्रत्येक दाण्याबरोबर देवाचे स्मरण होते. वजन करून ते कसे होईल?

पुढे सार्वजनिक कामाच्या पैशाबाबतही विनोबा मोजण्याच्या बाजूने उभे राहिले. भूदानाचा बराचसा खर्च गांधी स्मारक निधीतून भागत असे. १९५६ मध्ये तमिळनाडूतल्या पळणी येथे त्यांनी तंत्रमुक्ती आणि निधिमुक्तीचा आग्रह धरला. मध्यवर्ती निधीचा पैसा थांबला. त्यापाठोपाठ आले ते सर्वोदय-पात्र. घरोघर एक भांडे, आणि त्यात रोज घरातल्या लहान मुलाने मूठभर धान्य टाकायचे. मूठ मुलाचीच हवी, हा विनोबांचा हट्ट. मोठ्याच्या मुठीत धान्य अधिक मावते, पण देण्याची सवय लावायची ती मुलाला.

कल्पना सुंदर होती. व्यवहारात ती टिकली नाही. निधी बंद झाल्यावर पुष्कळ ठिकाणी पूर्णवेळ कार्यकर्ते पांगले आणि घरोघरची पात्रे गोळा करायला माणूस उरला नाही. शंभर घरांतले धान्य आणायचे तर कोणीतरी दर आठवड्याला शंभर उंबरठे चढले पाहिजेत, तिथल्या लग्नाची, आजारपणाची चौकशी केली पाहिजे, पाऊस असो की नसो. त्या माणसाचे पोट कशावर भरायचे? विनोबांनी दाण्याचा विचार शेवटापर्यंत नेला. झोळी उचलणाऱ्याचा तितका केला नाही. कर्व्यांकडे पार्वतीबाई होत्या.

इकडे बाहेरकाठ्याचेही तेच झाले. १९४८च्या खारजमीन कायद्यानंतर बांधांचा भार हळूहळू सरकारकडे गेला, कूळकायद्याने खोत गेला, पट्टी गेली. खोताच्या जुलमातून कूळ सुटले हे उत्तमच झाले. पण जोळही मोडली. मग खांड पडली की अर्ज, अंदाजपत्रक, मंजुरी; तोवर दोन भरत्या शेतातून जाऊन पुढची काही वर्षे पीक बुडालेले.

पेणकरांच्या आठवणीत २०१० हे वर्ष पक्के बसले आहे. त्या सप्टेंबरात पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले आणि हजारो साध्या कुटुंबांची बचत अडकली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात डोलवीचा इस्पातचा कारखाना जिंदालांच्या जेएसडब्ल्यूकडे जात असल्याचे जाहीर झाले. एकाच तालुक्यात चार महिन्यांत गावाची पुंजी बुडाली आणि मोठे भांडवल आणखी मोठे झाले. पुढे २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले, आणि तेही आपल्या परिसराला प्राधान्य देऊन. कारखान्याच्या आसपासच्या गावांसाठी हा पैसा लहान नाही. शिलोत्री पट्टीशी त्याचे नाते लावायचा मोह होतो, पण एक फरक राहतोच. पट्टी देणाऱ्याचे शेत बांधाआड होते.

दुसरा फरक नियमांतला आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर या पैशातून संस्थेच्या कायम निधीत भर घालता येत नाही. चालू प्रकल्प म्हणून जे काम धरले जाते, त्याची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांची. पाचवीत वसतिगृहात आलेली कातकरी घरातली मुलगी दहावी होईपर्यंत सहा वर्षे तिथे राहते. चौथ्या वर्षानंतरच्या तांदळासाठी संस्थाचालकाला पुन्हा पावतीपुस्तक घेऊन पेणच्या बाजारपेठेत फिरावे लागते, मूर्तिकारांच्या कारखान्यांतून, भाताच्या गिरण्यांतून. तिथे पन्नासची, शंभरची पावती फाटते आणि मुलगी कितवीत गेली, हेही विचारले जाते.