अपघाती मृत्यूची भरपाई (भारत)

अपघातात माणूस गेला, तर घरच्यांना काय मिळेल हे पुष्कळदा तो कुठे गेला यावर ठरते. रस्ता, रूळ आणि कामाची जागा यांचे कायदे वेगवेगळे आहेत. सर्वांत जुना कायदा १८५५ चा. पती किंवा पत्नी, आईवडील आणि मुले यांना दिवाणी दावा लावण्याचा हक्क त्याने दिला. भिंत कोसळून मृत्यू झाला, तर आजही त्याचाच आधार घ्यावा लागतो. मुदत दोन वर्षे.

खरी वर्दळ असते ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. अपघात परगावी झाला असला, तरी वारस स्वतः राहतात तिथे अर्ज करू शकतात. चूक कोणाची हे सिद्ध न करता पाच लाख घेता येतात. धडक देऊन वाहन पसार झाले आणि त्याचा पत्ताच लागला नाही, तर सरकारी योजनेतून दोन लाख मिळतात. चालकाची चूक दाखवता आली, की रक्कम कमाईवरून ठरते. हिशेबाची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांत घालून दिली. ३८ वर्षांचा, महिना २०,००० कमावणारा दुकानदार. मागे पत्नी आणि दोन मुले. भावी वाढीचे ४० टक्के मिळवायचे, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वजा करायचा, वर्षाचे २,२४,००० येतात. वयानुसार १५ ने गुणले की ३३,६०,०००. अंत्यसंस्कार वगैरेंची रक्कम वेगळी. २०१९ च्या दुरुस्तीने अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली. सुतकातून सावरून कागद गोळा करणाऱ्या घराला ती तोकडीच.

रेल्वेत असे गणित नाही. मुंबईच्या गच्च लोकलमधून पडून गेलेला कारकून असो की व्यवस्थापक, रक्कम एकच: २०१७ पासून आठ लाख. प्रेतापाशी तिकीट सापडले नाही, एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असे २०१८ च्या रीना देवी निकालाने स्पष्ट केले. रूळ ओलांडताना गाडीखाली आलेल्याला मात्र ही भरपाई सहसा मिळत नाही.

कामावरच्या मृत्यूला २०२५ पर्यंत १९२३ चा कायदा लागत असे. त्यात पगाराचा निम्मा भाग धरून त्याला वयाच्या गुणकाने गुणत.

गृहिणीपाशी मात्र हिशेब अडायचा. मोटार कायद्याच्या जुन्या परिशिष्टात बिनकमाईच्या जोडीदाराचे उत्पन्न कमावत्याच्या एक तृतीयांश धरलेले होते. स्वयंपाक, आजारपणे, मुलांचा अभ्यास हे सगळे त्यातच आले! जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीच्या खटल्यात न्यायालयाने २००१ मध्ये गृहिणीच्या कामाचे मोल महिना ३,००० रुपये धरले. २०२१ च्या कीर्ती निकालाने अशा मानीव उत्पन्नालाही भावी वाढ लागू केली.