हजार यार्डांवरचा नेम

परवा रात्री जुन्या लॅपटॉपची साफसफाई करत होतो, तेव्हा एक फाईल सापडली. नाव 'वारा फायनल २'. (फायनल १ कुठे गेली देव जाणे!) डिलीट करायला म्हणून उघडली आणि तासभर तिथेच बसून राहिलो. तर मंडळी, आजचा लेख त्या फाईलच्या निमित्ताने. विषय जरा आडवळणाचा आहे, शिकारीचा. चहा घेऊन बसा :-)

काही वर्षांपूर्वी मी डेन्व्हरला ऑनसाइट होतो. टीममधला एक अमेरिकन सहकारी पट्टीचा शिकारी. दर ऑक्टोबरला सुट्टी टाकून कोलोरॅडोच्या डोंगरात एल्कच्या मागे जायचा. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा दांडगा भाऊ, मोठा नर तीनशे किलोच्या घरात. मी वरण-भातवाला माणूस, मला शिकारीत काही रस नव्हता. पण हा गडी गोळीच्या गणितावर बोलायला लागला की मी कान टवकारायचो.

गणित आहेच तसं. मोठ्या रायफलची गोळी सेकंदाला नऊशे मीटरच्या आसपास वेगाने निघते. पण हवा तिचा वेग खात जाते, आणि हजार यार्ड, म्हणजे सुमारे ९१४ मीटर गाठायला तिला साधारण दीड सेकंद लागतो. तोवर ती पंचवीस-तीस फूट खाली आलेली असते. बाजूने ताशी दहा मैलांचा वारा असेल तर सहा-सात फूट सरकलेलीही असते. यातलं खाली येणं सोपं, कारण गुरुत्वाकर्षण रोज तेवढंच. वारा मात्र तुमच्या कानाशी एक, मधल्या दरीत दुसरा आणि जनावरापाशी तिसराच. शिवाय दीड सेकंद म्हणजे जनावराला एक पाऊल टाकायला भरपूर वेळ. आपल्या भाषेत सांगायचं तर लेटन्सी. आणि एकदा पाठवलेली रिक्वेस्ट कॅन्सल करता येत नाही.

मी त्याला एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिली. अंतर, उंची, तापमान, वारा टाका, दुर्बिणीवर किती क्लिक फिरवायचे ते घ्या. तीच ही फाईल.

आता थोडा इतिहास. या लांब पल्ल्याच्या वेडाचं एक वर्ष सांगायचं झालं तर मी १८७४ सांगेन. त्या सप्टेंबरात न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरच्या मैदानावर आयर्लंड विरुद्ध अमेरिका असा रायफलचा सामना झाला. अंतरं ८००, ९०० आणि १००० यार्ड. आयरिश लोकांकडे नळीच्या तोंडातून भरायच्या बंदुका, अमेरिकनांकडे मागून भरायच्या नव्या शार्प्स आणि रेमिंग्टन. अमेरिका ९३४-९३१ अशी जिंकली. गंमत म्हणजे मिल्नर नावाच्या आयरिश नेमबाजाची एक गोळी अगदी मधोमध लागली होती, पण शेजारच्या लक्ष्यावर! त्याचे चार गुण बुडाले आणि सामना तीन गुणांनी गेला.

त्याच वर्षी जूनमध्ये टेक्सासमधल्या ॲडोब वॉल्स या ठाण्यावर कोमांची, शायान आणि कायोवा लोकांनी हल्ला केला. ठाणं गव्याच्या कातड्याच्या व्यापाऱ्यांचं आणि शिकाऱ्यांचं होतं. ज्या गव्यांवर आपलं पोट आहे त्यांचा डोळ्यांदेखत फडशा पडतोय, हा त्यांचा राग. तिथे बिली डिक्सन नावाच्या शिकाऱ्याने शार्प्स रायफलने खूप दूरच्या घोडेस्वाराला पाडलं. पुढे ते अंतर १५३८ यार्ड भरलं असं सांगतात. खुद्द डिक्सन म्हणायचा की ते नशीब होतं, नेम नव्हे. पण दंतकथेला तळटीप कुठे असते? लोकांच्या लक्षात आकडा राहिला, कबुली नाही. (आणि त्या आकड्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस होता, हेही नाही.)

त्या अमेरिकन गव्याचं, म्हणजे बायसनचं, काय झालं ते माहीतच असेल. १८७१च्या सुमारास त्याच्या कातड्यापासून कारखान्यांना चालेल असं चामडं कमावायची पद्धत बसली, आणि १८७२मध्ये रेल्वे डॉज सिटीला पोचली. शिकारी दोन-तीनशे यार्डांवर ठाण मांडून बसायचा आणि आधी कळपाची म्होरकी गाय फुप्फुसात मारायचा. ती पळत नसे, जागीच डळमळत कोसळे. बाकीचा कळप वास घेत तिथेच घोटाळत राही, मग एकेक टिपायचा. धोका कुठून येतोय हे त्या जनावरांना कळतच नसे, कारण त्यांचे नाक-कान-डोळे त्या अंतरासाठी घडलेलेच नव्हते. कोट्यवधींच्या संख्येतले गवे १८८९मध्ये विल्यम हॉर्नडेने मोजले तेव्हा जेमतेम हजार-अकराशे भरले. हे सगळं फक्त पल्ल्यामुळे झालं असं नाही, बाजारामुळे झालं. पण पल्ल्याने ते सोपं केलं.

१८८३मध्ये थिओडोर रूझवेल्ट डाकोटात गवा मारायला गेला, तेव्हा बरेच दिवस वणवण करून त्याला एक मिळाला. चारच वर्षांनी, १८८७मध्ये, त्याने आणि मित्रांनी बून अँड क्रॉकेट क्लब काढला. त्यांच्या सुरुवातीच्या नियमांत 'न्याय्य पाठलाग' ही कल्पना आली. सापळा लावून अस्वल मारणं, खोल बर्फात रुतलेलं हरीण गाठणं, पाण्यात पोहणाऱ्या जनावराला होडीतून मारणं, हे सगळं त्यात बसत नाही. म्हणजे जनावराला निसटायची खरी संधी नसेल तर ती शिकार नाही. अंतराबद्दल मात्र त्या यादीत काही नव्हतं. तेव्हा गरजच नसावी, फार लांबून बहुतेकांचा नेम चुकायचाच. बऱ्याचदा आपली नीतिमत्ता ही हार्डवेअरची मर्यादा असते, आणि ते आपल्याला अपग्रेड झाल्यावर कळतं.

हे अपग्रेड आमच्याच धंद्याने केलं. २०१३च्या सुमारास टेक्सासच्या ट्रॅकिंगपॉइंट कंपनीने चक्क लिनक्सवर चालणारी दुर्बीण बसवलेली रायफल बाजारात आणली. किंमत वीस हजार डॉलरच्या वर. बटण दाबून लक्ष्यावर खूण करायची, घोडा दाबून धरायचा, आणि नेम जुळला की गोळी बंदूकच सोडणार. फक्त वाऱ्याचा वेग माणसाने हाताने टाकायचा! २०१५मध्ये रुना सँडविक आणि मायकेल ऑगर यांनी वायफायमधून शिरून तिचे आकडे बदलून दाखवले. गोळी अडीच फूट सरकून शेजारच्या लक्ष्यावर लागली. मिल्नरसाहेबांची आठवण झाली की नाही?

याच सुमारास, २०१४मध्ये, त्या क्लबने लांब पल्ल्याबद्दल जाहीर भूमिका घेतली. मला आवडलं ते हे की त्यांनी यार्डांचा आकडा दिला नाही. हेतू काय ते बघा, म्हणाले. जनावराच्या जवळ जायचंय, की आपण आणि आपली बंदूक किती लांब पोचते ते बघायचंय? आयडाहो राज्याने वेगळी वाट काढलीय. तिथे मोठ्या शिकारीसाठी दुर्बिणीसकट सोळा पौंडांपेक्षा जड बंदूक चालत नाही. लांब पल्ल्याच्या खास बंदुका जड असतात, त्या आपोआप बाहेर.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. माझा सहकारी म्हणायचा, "शंभर यार्डांवर घाईत गोळी झाडणारा अडाणी बरा, की वर्षभर सराव करून सहाशेवर मारणारा मी?" प्रश्न रास्त आहे. जवळूनही जनावरं जखमी होतात, बाणानेही होतात. मी तेव्हा त्याच्या बाजूने होतो. स्क्रिप्ट माझीच होती ना.

त्या ऑक्टोबरात त्याने साडेसहाशे यार्डांवरून, दरीच्या पलीकडे उभ्या असलेल्या एका नरावर गोळी झाडली. त्याच्या जागी वारा जवळजवळ नव्हता, तेच त्याने टाकलं. दरीत होता. गोळी छातीऐवजी पोटात लागली. दरी उतरून पलीकडे चढायला त्याला तास-दीड तास लागला, तोवर रक्ताचा माग दाट झाडीत शिरला होता. दोन दिवस शोधलं, सापडला नाही. सोमवारी ऑफिसात तो गप्प होता. मी लगेच कोड उघडून तपासला. बग नव्हता. मला हायसं वाटलं, आणि आज त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटते. मी आऊटपुट तपासत होतो, आणि तिकडे एक जनावर पोटात गोळी घेऊन कुठेतरी मरत होतं.

आपल्याकडची एक गोष्ट इथे जोडतो. जिम कॉर्बेटने १९०७मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते. तिचे उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा सुळे तुटलेले होते, कुणाच्या तरी जुन्या गोळीने. त्यामुळेच तिला नेहमीची शिकार करता येईना, असा कॉर्बेटचा निष्कर्ष. ती गोळी किती अंतरावरून आली कुणास ठाऊक. पण झाडणाऱ्याने काम अर्धवट सोडलं आणि बिल कुमाऊँच्या गावांनी भरलं.

आपल्याकडे १९७२चा कायदा आणि १९९१ची दुरुस्ती यांनी शिकारीचा शौक बंद केला, त्यामुळे हा वाद आपला नाही असं वाटू शकतं. पण मला तो फार ओळखीचा वाटतो. क्रीडमूरला चुकलेल्या गोळीची किंमत चार गुण होती आणि ती झाडणाऱ्याने दिली. डोंगरात ती दुसरंच कुणी देतं. अंतर वाढतं तसा नेम कठीण होतो हे तर खरंच, पण त्याहून वाईट म्हणजे चूक झाल्यावर तिच्यापर्यंत पोचायची आपली ताकद कमी होते. माझ्या मते मर्यादा तिथे आहे. गोळी कुठवर जाते याला महत्त्व नाही. ती चुकली तर मी वेळेत तिथे पोचून ते निस्तरू शकतो का, हे बघायचं.

सहकाऱ्याने पुढच्या वर्षी स्वतःला दोनशे यार्डांची मर्यादा घालून घेतली. त्या मोसमात रिकाम्या हाताने परत आला. "ऐंशी यार्डांवर होता, पण वारा फिरला आणि त्याला माझा वास लागला," असं सांगताना हसत होता.

फाईल डिलीट केली नाही. नुसतं नाव बदलून ठेवलंय, 'बग नव्हता'.