बुटांची दंतकथा आणि आपला फुटबॉल

रविवारची मिस्सा आटोपली की आमच्या चर्चच्या पायरीवर चार-पाच मंडळी हमखास रेंगाळतात. ऊन असो, पाऊस असो, बोलण्याचा विषय शेवटी फुटबॉलवर येऊन ठेपतो. हे स्वाभाविकच आहे. कर्जत हे रेल्वेने वाढवलेले गाव. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे वर गेली, आणि घाटाच्या चढणीसाठी गाडीला जादा इंजिने लावण्याचे ठिकाण म्हणून कर्जतला महत्त्व आले. पुढे खालापूर तालुक्यात खोपोलीला टाटांचे वीजकेंद्र उभे राहिले, मागाहून कारखाने आले. रेल्वेच्या आणि कारखान्यांच्या नोकरीनिमित्त गोवा, वसई, मंगळूर इकडून जी ख्रिस्ती कुटुंबे या भागात स्थिरावली, त्यांनी आपल्या सामानसुमानाबरोबर फुटबॉलची आवडही आणली. भातकापणी झाली की रिकाम्या खाचरांत बांबूचे दोन खांब रोवून खेळणारी मुले आजही दिसतात. त्यांत आपली मुले असतात, तशीच ठाकूर-कातकरी वाड्यांवरचीही असतात.

पायरीवरच्या या मंडळींत एक काका आहेत. त्यांनी घाटात इंजिने चालवण्यात हयात घालवली. फुटबॉलविषयी त्यांची तीन ठाम मते आहेत आणि ती गेली कित्येक वर्षे मी ऐकत आलो आहे. पहिले असे, की १९५० साली गोऱ्यांनी बुटांची सक्ती केली म्हणून भारत विश्वचषकाला मुकला. दुसरे असे, की पूर्वीचे खेळाडू खरे, आताचे लाडावलेले. आणि तिसरे असे, की क्लब चालवणाऱ्यांनीच या खेळाची वाट लावली.

मी त्यांच्या मतांवर आजवर केवळ हसत आलो. परंतु गेल्या पावसाळ्यात एक प्रसंग घडला आणि ही मते तपासून पाहणे मला अगत्याचे वाटू लागले. खोपोलीकडच्या एका सोळा वर्षांच्या मुलाला मुंबईतील एका क्लबच्या निवडचाचणीचे बोलावणे आले. मुलगा आनंदाने वेडा झाला होता. वडिलांनी मात्र स्पष्ट नकार दिला. मी समजूत घालायला गेलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “फादर, माझे बूट अजून माळ्यावर पडलेत.” तरुणपणी ते एका कंपनीच्या संघातून खेळत. खेळाच्या जोरावर नोकरी लागली होती. पुढे कंपनीने संघ मोडला. नोकरी राहिली, पण खेळ सुटला तो कायमचा. त्या माणसाला काय उत्तर द्यावे, हे मला त्या दिवशी सुचले नाही. म्हणून मी इतिहासाकडे वळलो.

प्रथम बुटांची गोष्ट. आपल्या देशात हा खेळ इंग्रज पलटणींनी रुजवला. १८८८ मध्ये सिमल्याला ड्युरँड चषक सुरू झाला, १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक. पहिला रोव्हर्स चषक वुस्टरशायर रेजिमेंटने जिंकला, आणि त्यानंतर कित्येक वर्षे तो पलटणींच्याच हाती राहिला. गोव्याची परंपरा थोडी निराळी आहे. तेथे १८८३ साली शिवोली गावी फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूने फुटबॉल आणला असे मानले जाते. म्हणजे इकडे हा खेळ छावणीतून आला, तर तिकडे चर्चच्या आवारातून. गोव्यात तो गावोगाव का झिरपला, याचे एक कारण यात सापडावे असे मला वाटते.

२९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी होते. बूट घातलेला एकटा खेळाडू म्हणजे सुधीर चटर्जी. हा पेशाने शिक्षक, धर्माने ख्रिस्ती, आणि पुढे रेव्हरंड म्हणून ओळखला गेला. त्या विजयापासून अनवाणी पाय हे आपल्या स्वाभिमानाचे चिन्ह बनले, आणि ते योग्यच होते. मात्र बूट घालणारा चटर्जीही त्याच विजयाचा वाटेकरी होता, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारत फ्रान्सकडून १-२ असा हरला. आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या होत्या. दोन्ही वाया गेल्या. आपले बहुतेक खेळाडू त्या सामन्यात अनवाणी होते, तरीही त्यांना कोणी अडवले नाही. दोन वर्षांनी ब्राझीलमध्ये विश्वचषक भरला. प्रतिस्पर्धी संघांनी माघार घेतल्यामुळे पात्रता फेरीत एकही सामना न खेळता भारताला प्रवेश मिळाला. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात आपले नावही पडले. प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलण्याची तयारी यजमानांनी दाखवली होती. तरीही आपल्या महासंघाने संघ पाठवला नाही. सरावाला वेळ अपुरा, निवडीविषयी मतभेद, लांबचा प्रवास अशी कारणे पुढे आली. मुळात त्या काळच्या आपल्या अधिकाऱ्यांच्या लेखी ऑलिंपिक हीच सर्वोच्च स्पर्धा होती, विश्वचषकाची महती त्यांना उमगलीच नव्हती. त्या वेळचे आघाडीचे खेळाडू शैलेन मन्ना यांनीही उतारवयात असेच सांगितले. बूट हे खरे कारण नव्हे, तर मागाहून पुढे आलेली सबब होय.

याला आणखी एक पुरावा आहे. १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेत इराणला १-० असे नमवून भारताने सुवर्णपदक मिळवले. परंतु पुढच्याच वर्षी हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडवला. तेथेही आपले कित्येक खेळाडू अनवाणीच उतरले होते. म्हणजे १९५२ पर्यंत अनवाणी पायांना जागतिक मैदानावर बंदी नव्हती. त्या पराभवानंतर बूट सक्तीचे केले ते आपल्याच महासंघाने.

हे सारे मी काकांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मग इतकी वर्षं आम्ही कुणाला शिव्या घातल्या?” हा प्रश्न मला मार्मिक वाटला. दोष परक्यावर टाकला की घरातल्या हिशेबाची वही उघडावी लागत नाही. दंतकथा टिकतात त्या बहुधा अशाच कारणाने.

आता खेळाडूंकडे वळू. बूट घातल्यावर आपण काय केले? चारच वर्षांत, १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली. त्यांतले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यानेच केला, परंतु सामना आपण १-४ असा गमावला, आणि अखेर चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले. चार गोलांसह नेव्हिल त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसला. हा मुंबईत टाटांच्या संघातून खेळणारा, मूळ गोव्याचा ख्रिस्ती तरुण. १९८० साली तो निवर्तला, तेव्हा पन्नाशीही गाठलेली नव्हती. आपल्या किती मुलांना त्याचे नाव ठाऊक आहे?

टाटांच्याच संघातला फोर्तुनातो फ्रांको हा आणखी एक. जन्म गोव्यातल्या कोलवाळचा, खेळ मुंबईचा. ४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले, त्या संघात तो होता. २०२१ च्या मे महिन्यात त्याचे निधन झाले. या साऱ्यांना घडवणारे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शिक्षक. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक आपल्याकडे राखला. १९६३ मध्ये कर्करोगाने त्यांचा अंत झाला, आणि भारतीय फुटबॉलचा तो वैभवकाळही त्यांच्यामागोमाग ओसरला.

तेव्हा पूर्वीचे खेळाडू थोर होते, हे काकांचे म्हणणे खरे आहे. पण आताचे लाडावलेले, हे मला पटत नाही. ९ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताचा पहिला गोल केला, त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. सुनील छेत्रीने देशासाठी नव्वदहून अधिक गोल केले. ही पोरे घाम गाळण्यात कोठे कमी पडली? ११ जून २०२४ रोजी कतारकडून १-२ असे हरून २०२६ च्या विश्वचषकाची आपली वाट बंद झाली. त्या स्पर्धेसाठी संघांची संख्या बत्तीसवरून अठ्ठेचाळीसवर नेलेली असतानाही आपल्याला दार उघडले नाही. याचा सगळा भार अकरा जणांच्या खांद्यांवर टाकणे अन्यायाचे होईल.

आता काकांचे तिसरे मत, आणि येथे मात्र मी त्यांच्या बाजूचा आहे. मुंबईचा फुटबॉल कंपन्यांनी पोसला. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया ही नावे घेतली की जुन्या माणसांचे डोळे चमकतात. १९५८ मध्ये कॅलटेक्सने रोव्हर्स चषक जिंकला. या व्यवस्थेचा लाभ मोठा होता, कारण खेळाडूला पगाराची शाश्वती मिळत असे. पण तिच्यात एक मूलभूत उणीव होती. संघ कंपनीचा होता, गावाचा नव्हता. ज्या दिवशी ताळेबंदात तो जड वाटेल, त्या दिवशी तो मिटणार. १९६२ मध्ये सुरू झालेल्या महिंद्रच्या संघावर आमच्या खोपोलीकरांचे विशेष प्रेम, कारण त्याच समूहाचा पोलाद कारखाना खोपोलीला होता. २००५-०६ मध्ये महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय लीग जिंकली. अवघ्या चार वर्षांनी, २०१० मध्ये तो संघ बंद झाला. पंजाबचा जेसीटी २०११ मध्ये गेला. मुंबई एफ.सी. २००७ ते २०१७, पुणे सिटी २०१४ ते २०१९ अशी अल्पायुषी नावे त्यापुढे आली. ज्याच्या अंतिम सामन्याला आमची माणसे लोकलने व्ही.टी.ला उतरून कूपरेजपर्यंत पायी जात, तो रोव्हर्स चषकही २०००-०१ नंतर भरला नाही.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. मुंबई सिटी संघाने २०२०-२१ मध्ये आणि पुन्हा २०२३-२४ मध्ये तिचा चषक जिंकला, आणि एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या संघाला २-१ असे हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला. हे यश मोठे आहे, ते नाकारू नये. परंतु त्या लीगमध्ये आरंभीची कित्येक वर्षे खालच्या श्रेणीतून वर येण्याची वाट नव्हती. २०१६ मध्ये गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन जुन्या क्लबांनी याच कारणाने राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले.

महासंघाची कथा तर याहून खेदजनक. निवडणुका मुदतीत न झाल्याने मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशासक समिती नेमली. बाहेरचा हस्तक्षेप झाला असे म्हणून फिफाने ऑगस्टमध्ये भारताला निलंबित केले. अकरा दिवसांत निलंबन उठले खरे, पण तेवढ्यात गोकुलम केरळच्या मुली आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचून एकही सामना न खेळता परतल्या. त्यांचा अपराध कोणता? पुढे डिसेंबर २०१० मध्ये केलेला पंधरा वर्षांचा व्यापारी करार २०२५ च्या डिसेंबरात संपला, आणि त्याच्या नूतनीकरणाचा घोळ न मिटल्याने त्या हंगामाची लीग वेळेवर सुरू होऊ शकली नाही. १९५० मध्ये कागदावर झालेली चूक आणि ही चूक, या दोहोंचे कूळ एकच आहे. दोन्हीकडे खेळाडू तयार होते, निर्णय घेणारे तयार नव्हते.

मग उपाय काय? मला कोल्हापूरचे उदाहरण डोळ्यांसमोर येते. तेथे पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ हे संघ पेठांचे आहेत. शाहू स्टेडियमवर हंगामात हजारो माणसे जमतात. कधी ईर्ष्या हाताबाहेर जाते, भांडणे होतात, ते निंद्यच. पैसाही तेथे मुंबईइतका नाही. पण एखादा संचालक मंडळाचा ठराव तालीम बंद करू शकत नाही, कारण ती पेठेतल्या घराघरांची असते. आजोबा ज्या संघासाठी ओरडले, त्याच संघासाठी नातू ओरडतो.

हे सारे जुळवून मी पुन्हा त्या घरी गेलो. मुलाच्या वडिलांना मी खोटा धीर दिला नाही. क्लब बुडू शकतो, लीग थांबू शकते, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. मी एवढेच म्हणालो, की तुमचा खेळ तुमच्या पायांमुळे सुटला नाही, मग मुलाच्या पायांना शिक्षा का? त्याने चाचणी द्यावी, शाळा मात्र सोडू नये. आणि क्लबने ठेवले किंवा न ठेवले, तरी परत येऊन खेळायला येथे एक संघ असावा, एवढी जबाबदारी आपण मोठ्या माणसांनी घ्यावी.

ते लगेच काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर काका पायरीवर वही घेऊन बसले होते. वर्गणीची नावे लिहिणे चालू होते. वाडीवरच्या मुलांसाठी चेंडू, जाळी आणि दर महिन्याचा जाहीर हिशेब, असे त्यांनी पहिल्या पानावर लिहिले होते. यादीत चौथे नाव त्या वडिलांचे होते. मुलगा चाचणीला गेला तो सकाळच्या खोपोली लोकलने. त्याची निवड झाली नाही. दुसऱ्या खेपेसाठी तो तयारी करीत आहे, आणि रोज संध्याकाळी वाडीवरच्या लहान मुलांना खेळ शिकवतो. माळ्यावरचे बूट खाली आले आहेत. ते त्याला थोडे सैल होतात, म्हणून तो आत कापूस भरतो.